वाइल्डफ्लायवर डिपेंडन्सी इंजेक्शन: बरीच वर्षं वापरल्यावरचा अनुभव

डिप्लॉय करताना, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवताना, ते लाल होऊन पडलं की मला आता बरं वाटतं, खरंच. वाइल्डफ्लाय हा जावाची ॲप चालवणारा सर्व्हर, आणि डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणजे एका क्लासला लागणारा दुसऱ्या क्लासचा ऑब्जेक्ट सर्व्हरने स्वतः आणून देणं. इथे इंजेक्शनची जी चूक डिप्लॉयच्या वेळीच बोंब मारते ती चहा घेऊन येईपर्यंत सुटते, पण जी चूक तोंडच उघडत नाही आणि सगळं हिरवं दाखवत आत जाऊन बसते ती दोन-दोन दिवस खाते. मी वाइल्डफ्लाय १० पासून यावर काम करतेय, आता आम्ही ३० च्या पुढच्या आवृत्तीवर आहोत, आणि माझं मत असं आहे की सर्व्हर उत्तम आहे, पाचपैकी साडेचार स्टार बिनधास्त देते. पण त्याचं मॉड्यूलचं गणित समजून न घेता हात घातलात तर बीन (सर्व्हर स्वतः बनवून हवं तिथे देतो तो ऑब्जेक्ट) समोर दिसत असूनही सर्व्हर म्हणणार सापडत नाही, आणि तुम्हाला वाटत राहणार की हा खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नसतो. तो ज्या ठिकाणी उभा राहून बघतोय तिथून ते बीन खरंच दिसत नसतं.

आमचं ॲप्लिकेशन पतसंस्थांसाठीचं आहे, ठेवी, कर्ज, पिग्मी, वसुली सगळं. एक इअर फाइल (सगळं ॲप बांधलेलं मोठं पॅकेट), त्यात तीन वॉर, म्हणजे वेबचे भाग (शाखेचे स्क्रीन, मुख्य कार्यालयाचे स्क्रीन आणि पिग्मी एजंटच्या मोबाइलसाठी रेस्ट), दोन ईजेबी जार (जार म्हणजे जावाच्या क्लासचा गठ्ठा, ईजेबीमध्ये व्यवहाराचा कोड), इअरच्या लिब फोल्डरमध्ये आमची कॉमन जार, आणि सर्व्हरच्या मॉड्यूल्स फोल्डरमध्ये ठेवलेली एक विकतची लायब्ररी जी स्टेटमेंटवर डिजिटल सही करते. म्हणजे इंजेक्शन जिथे जिथे अडू शकतं त्या सगळ्या जागा आमच्याकडे एकाच ठिकाणी आहेत, त्यामुळे हा रिव्ह्यू छोट्या एका वॉरवाल्यांना थोडा जड वाटेल पण वाचून ठेवा, कामाला येईल.

थोडं मागचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. सीडीआय, म्हणजे जावामधले इंजेक्शनचे ठरलेले नियम, आलं जावा ईई ६ (मोठ्या ॲपसाठीच्या जावाच्या नियमांचा संच) बरोबर, २००९ च्या डिसेंबरमध्ये. त्याचं काम करणारी लायब्ररी म्हणजे वेल्ड, आणि वाइल्डफ्लायमध्ये तीच बसवलेली आहे. जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हरचं नाव बदलून वाइल्डफ्लाय झालं, त्या नावाची पहिली आवृत्ती ८ होती, २०१४ ची. पण खरा मोठा बदल त्याच्या आधीच, जेबॉस ७ मध्ये झाला होता, तो म्हणजे जेबॉस मॉड्यूल्स. पूर्वी सगळ्या जार एका ढिगात असायच्या, कोण कुणाचा क्लास उचलेल सांगता यायचं नाही. आता प्रत्येक वॉर, प्रत्येक ईजेबी जार, इअरचं लिब, सर्व्हरची प्रत्येक लायब्ररी हे वेगळं मॉड्यूल, प्रत्येकाचा स्वतःचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा), आणि कोणी कोणाचं काय बघायचं ते ठरलेलं. वॉरला लिबमधलं दिसतं, ईजेबी जारमधलंही दिसतं, पण लिबला वॉरमधलं दिसत नाही, आणि एका वॉरला दुसऱ्या वॉरमधलं कधीच दिसत नाही. मी नवीन मुलांना सांगते, घरातल्या पोराला आजोबांच्या खोलीत जाता येतं, पण पोराच्या दप्तरात काय आहे ते आजोबांना माहीत नसतं. सीडीआय याच नियमाने चालतं. क्लास दिसत नसेल तर बीनही दिसणार नाही, मग त्यावर कितीही ॲनोटेशन (कोडमध्ये @ लावून लिहितात त्या खुणा) लावा.

आता त्या प्रसिद्ध एररकडे येऊ, वेल्ड-००१४०८, अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सीज, म्हणजे मागितलेलं बीन मिळालं नाही. लोक हा एरर बघितला की लगेच कॉपी करून सर्च करायला धावतात, माझी कळकळीची विनंती आहे, आधी तो पूर्ण वाचा. त्यात सगळं लिहिलेलं असतं: कुठल्या टाइपचं बीन हवं होतं, कुठला क्वालिफायर, म्हणजे एकाच टाइपची बीन वेगळी ओळखायची खूण, होता (काही लावलं नसेल तर डिफॉल्ट लिहून येतं), आणि कुठल्या क्लासच्या कुठल्या फील्डवर ते हवं होतं. शेवटी फाइलचं नाव आणि कोलन शून्य असं येतं, आमच्याकडे एकाने ते बघून विचारलं, "ताई, लाइन नंबर शून्य कसा काय, फाइल करप्ट झालीय का?" नाही रे बाबा, फील्डला बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) लाइन नंबर नसतोच, म्हणून शून्य. आणि जरा खाली बघा, कधीकधी वेल्ड-००१४७४ पण सोबत येतं, त्याचा अर्थ असा की तुमचा क्लास मला सापडला होता पण तो ज्या दुसऱ्या क्लासचं नाव घेतो तो मिळाला नाही म्हणून मी तुमचा क्लास सोडून दिला. ही ओळ म्हणजे सोनं आहे. जो क्लास हरवलाय त्याचं नाव लिहून देतात, त्याची जार टाका, विषय संपला. इतकं स्पष्ट सांगणारा सर्व्हर असेल तर अजून काय पाहिजे.

१४०८ ची आमच्याकडची कारणं तीनच, फिरून फिरून तीच. पहिलं, इंटरफेस लिबमध्ये, तो इंजेक्ट करणारी सर्व्हिसपण लिबमध्ये, आणि इंप्लिमेंटेशन एका वॉरमध्ये. दप्तर आणि आजोबा, वर सांगितलंच. इंप्लिमेंटेशन ईजेबी जारमध्ये नेऊनही भागत नाही कारण लिबला तेही दिसत नाही, एकतर इंप्लिमेंटेशन लिबमध्ये आणा नाहीतर ती इंजेक्ट करणारी सर्व्हिस खाली वॉरमध्ये न्या.

दुसरं कारण बीन्स डॉट एक्सएमएल, म्हणजे जारमधले कुठले क्लास बीन धरायचे ते वेल्डला सांगणारी फाइल. याच्यावर थोडं थांबते कारण यात २०२२ नंतर बरेच जण अडकले असणार. पूर्वी ही फाइल नुसती रिकामी ठेवली तरी चालायचं, रिकामी फाइल म्हणजे या जारमधले सगळे क्लास बीन समजा असा अर्थ होता. सीडीआय ४.० मध्ये, म्हणजे जकार्ता ईई १० मध्ये, हा अर्थ बदलला. आता रिकामी फाइल म्हणजे ज्यांच्यावर ॲप्लिकेशनस्कोप्ड, रिक्वेस्टस्कोप्ड, डिपेंडंट असा काही स्कोप (बीन किती वेळ जगणार ते सांगणारी खूण) लिहिलाय तेवढेच क्लास बीन. आमच्या कॉमन जारमध्ये हेल्परचे ढीगभर क्लास होते ज्यांच्यावर स्कोपच नव्हता, वर्षानुवर्षं चालत होते, सर्व्हर २७ वर नेला आणि एका डिप्लॉयमध्ये १४०८ ची रांग लागली. एरर शंभर दिसले तरी दुखणं एकच होतं. फाइलमध्ये डिस्कव्हरी मोड ऑल असं स्पष्ट लिहिलं की गाडी चालू होते, आणि ज्यांना फाइलला हातच लावायचा नाही त्यांच्यासाठी वेल्डच्या सबसिस्टममध्ये जुना अर्थ चालू ठेवायची सेटिंग पण दिलीय, ही सोय मला फार आवडली, जुन्या लोकांचा विचार केलाय. तरी आम्ही मेहनत घेऊन प्रत्येक हेल्परवर डिपेंडंट लिहिलं. दोन दिवस गेले पण आता क्लास उघडला की कळतं हे बीन आहे, अंदाज बांधावा लागत नाही.

तिसरं कारण ती सहीवाली लायब्ररी, म्हणजे सर्व्हरच्या मॉड्यूल्स फोल्डरमधलं मॉड्यूल. इथे मी स्वतः सगळ्यात जास्त शिकले. जार टाकली, मॉड्यूल डॉट एक्सएमएल लिहिली, वॉरला त्याची डिपेंडन्सी दिली, क्लास इंपोर्ट होतो, कोडमधून वापरता येतो, पण इंजेक्ट केलं की १४०८. त्याची दोन कुलुपं आहेत. एक, डिपेंडन्सी देताना मेटा-इन्फ इंपोर्ट असं लिहावं लागतं, नाहीतर त्या जारमधला मेटा-इन्फ फोल्डर तुमच्या ॲपला दिसत नाही, आणि फोल्डर दिसला नाही म्हणजे त्यातली बीन्स डॉट एक्सएमएल दिसली नाही, म्हणजे वेल्डच्या लेखी ती बीनवाली जार नाहीच. दुसरं कुलूप जास्त खोल आहे. त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या मॉड्यूल डॉट एक्सएमएलमध्ये सीडीआय आणि इंजेक्टच्या एपीआयची डिपेंडन्सी पाहिजे. ती नसेल तर त्या क्लासवरचं ॲप्लिकेशनस्कोप्ड हे ॲनोटेशन त्या क्लासलोडरला लोडच करता येत नाही, आणि जावाचा नियम असा आहे की ॲनोटेशनचा क्लास मिळाला नाही तर एरर येत नाही, ते ॲनोटेशन नव्हतंच असं धरून जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) पुढे जाते. हे वाक्य परत वाचा. सोर्समध्ये ॲनोटेशन आहे, बाइटकोडमध्ये आहे, चालताना नाही, आणि कोणी काही बोलत नाही.

यात अजून एक घोळ होतो, जेबॉस-डिप्लॉयमेंट-स्ट्रक्चर नावाची फाइल. मॉड्यूल जोडायला हीच वापरतात. सुट्या वॉरसाठी ती वेब-इन्फमध्ये चालते, पण तीच वॉर इअरमध्ये घातली की आतली फाइल वाचलीच जात नाही, इअरच्या मेटा-इन्फमधली एकच फाइल वाचली जाते आणि वॉरसाठी जे लिहायचं ते तिथेच सब-डिप्लॉयमेंट म्हणून लिहायचं. आमच्या वॉरमध्ये ती फाइल दीड वर्षं पडून होती, लोक तिच्यात बदल करत होते, कमिट करत होते, आणि सर्व्हर तिच्याकडे बघतही नव्हता.

आता त्या रात्रीबद्दल सांगते. जावाएक्स ते जकार्ता. पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत असेल, जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, नाव जकार्ता झालं, आणि डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावं जावाएक्सची जकार्ता झाली. वाइल्डफ्लायने २६ पर्यंत जुनं नाव ठेवलं आणि नोव्हेंबर २०२२ च्या २७ पासून नवीन. आम्ही सगळा कोड बदलला, आणि हो, आंधळेपणाने फाइंड-रिप्लेस मारू नका, जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग, जावाएक्स.क्रिप्टो ही जेडीकेमधली, म्हणजे मूळ जावामधलीच पॅकेज आहेत, ती तशीच राहतात. एवढी काळजी घेऊन डिप्लॉय केलं, सगळं हिरवं, डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये डॉट डिप्लॉइड फाइल आली, लॉगमध्ये एक एरर नाही. महिनाअखेर होती, रात्री व्याज आकारणी लावली आणि पहिल्याच कर्ज खात्याला नलपॉइंटर, म्हणजे जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे काहीच नाही.

नल काय होतं तर इंजेक्ट केलेली व्याजदराची सर्व्हिस. टीममधला मुलगा सारखा म्हणत होता, "ताई बघा ना, ॲप्लिकेशनस्कोप्ड आहे, इंजेक्ट आहे, बीन आहे, अजून काय पाहिजे याला?" आणि स्क्रीनवर ते सगळं खरंच होतं. आम्ही आधी संशय घेतला की कोणीतरी न्यू करून ऑब्जेक्ट बनवलाय, कारण शंभरातले ऐंशी नल तिथूनच येतात, स्वतः न्यू केलेल्या ऑब्जेक्टमध्ये कंटेनर, म्हणजे सर्व्हर, काही भरत नाही. रेस्टच्या ॲप्लिकेशन क्लासमध्ये गेटसिंगलटन्समधून न्यू करून रिसोर्स परत देणाऱ्यांनी हे आवर्जून तपासा. पण इथे तसं नव्हतं. साडेअकरा वाजले असतील, मी वरच्या इंपोर्टच्या ओळी उघडल्या, आयडीई (कोड लिहायचा एडिटर) त्या घडी घालून ठेवतो ना, त्यामुळे इतका वेळ कोणाला दिसल्याच नव्हत्या. स्कोपचं इंपोर्ट जकार्ता. इंजेक्टचं इंपोर्ट जावाएक्स. कुठल्यातरी जुन्या लायब्ररीच्या मागे मागे जावाएक्स.इंजेक्टची जार बिल्डमध्ये आली होती, आयडीईने इंजेक्टसाठी दोन नावं सुचवली आणि आमच्याकडून वरचं निवडलं गेलं. कंपाइल झालं. वेल्डसाठी ते बीन होतं कारण स्कोप बरोबर होता, पण ते इंजेक्ट त्याच्या ओळखीचं नव्हतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते एक साधं फील्ड होतं, भरायचं कशाला.

एक ओळ बदलली, बिल्ड केलं, बाराच्या आत आकारणी परत लावली. पण त्या रात्री मला कळलं की हिरवी डिप्लॉयमेंट म्हणजे इंजेक्शन बरोबर झालं असं नाही. यात सर्व्हरला मी दोष देत नाही, अनोळखी ॲनोटेशन सोडून द्यायचं हा जावाचाच नियम आहे. दुसऱ्या दिवशी मेव्हनच्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या साधनाच्या, एन्फोर्सर प्लगइनमध्ये जावाएक्स.इंजेक्टवर बंदी टाकली, आता ती जार कुठूनही आली की बिल्डच मोडतं. आणि ज्या जारचा सोर्स आपल्याकडे नाही त्यांच्यासाठी जावापी (क्लास फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं जेडीकेमधलं साधन) डॅश व्ही आणि डॅश पी लावून क्लासवर चालवायचं आणि रनटाइमव्हिजिबलॲनोटेशन्सच्या खाली काय लिहिलंय ते वाचायचं. जावाएक्स दिसलं की समजायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते हे प्रत्येक जावावाल्याला यायलाच पाहिजे.

उरलेलं पटापट सांगते. एकच जार इअरच्या लिबमध्ये पण आणि वॉरच्या वेब-इन्फ/लिबमध्ये पण गेली तर त्याच नावाचे दोन वेगळे क्लास तयार होतात, वॉर आधी स्वतःची प्रत उचलते, आणि मग असा एरर येतो की अमुक क्लास त्याच अमुक क्लासमध्ये कास्ट करता येत नाही. नाव सारखं, अक्षर न् अक्षर सारखं. पहिल्यांदा बघितलं की डोकं गरगरतं, पण हा एरर दिसला की डोळे मिटून दोन प्रती शोधायच्या. इअरच्या मेव्हन प्लगइनमध्ये स्किनीवॉर्सची सेटिंग चालू केली की वॉरमधल्या जास्तीच्या जार निघून जातात, आमची इअर पण बरीच हलकी झाली. वेल्ड-००१४०९ म्हणजे ॲम्बिग्युअस, एका जागेसाठी दोन उमेदवार, त्यात दोघांची नावं लिहून येतात, क्वालिफायर लावा नाहीतर एकाला अल्टरनेटिव्ह करा. ००१४३५ म्हणजे क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर नाही म्हणून प्रॉक्सी (बीनच्या जागी उभा राहणारा प्रतिनिधी) बनत नाही, कन्स्ट्रक्टर इंजेक्शन करणाऱ्यांना हा भेटतोच, एक प्रोटेक्टेड रिकामा कन्स्ट्रक्टर लिहा. ००१३०३ म्हणजे स्कोप चालू नसताना त्यातलं बीन वापरलं, उदाहरणार्थ वेगळ्या थ्रेडमध्ये जाऊन रिक्वेस्टस्कोप्ड बीनला हात लावला, तिथे रिक्वेस्टच नाही तर ते बीन येणार कुठून, हवी ती माहिती आधीच काढून थ्रेडला द्या.

आणि लॉगमध्ये पहिली नजर कुठे टाकायची तर डब्ल्यूएफएलवायवेल्ड०००३, प्रोसेसिंग वेल्ड डिप्लॉयमेंट ही ओळ. ती तुमच्या इअरसाठी, वॉरसाठी आली नसेल तर वेल्ड तिथे जागाच झालेला नाही, पुढचं सगळं शोधणं फुकट. त्यानंतरही कळत नसेल तर मॅनेजमेंट कन्सोलमधून, ९९९० पोर्टवर, ओआरजी.जेबॉस.वेल्ड या लॉगरची पातळी डीबगवर न्या. खूप लिहितो, पण हवं ते त्यात सापडतं.

बाकी सर्व्हरशी तुलना विचारतात लोक. पयारा आणि ओपन लिबर्टीमध्ये पण वेल्डच आहे त्यामुळे हे वेल्डवाले नंबर तिकडेही तसेच भेटतील, मॉड्यूलचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. टॉमईईमध्ये ओपनवेबबीन्स आहे, तिथे एररची भाषाच वेगळी. नुसत्या टॉमकॅटमध्ये सीडीआय नाहीच, वेल्डची जार स्वतः घालावी लागते, आणि हे माहीत नसल्यामुळे "लोकलला नल येतं, सर्व्हरवर चालतं" असं सांगत येणारी मुलं मी पाहिलीत, लोकलला टॉमकॅट असतो. एकच छोटी वॉर असेल तर माझ्या मते कुठलाही घ्या. पण इअर, ईजेबी, बाहेरची मॉड्यूल्स असा मोठा संसार असेल तर मी आजही वाइल्डफ्लायच घेईन, कारण भिंती पक्क्या आहेत आणि भिंत कुठे आहे ते तो सांगतो.

अर्धा स्टार कापला तो एवढ्यासाठी की मॉड्यूल आणि सीडीआय यांचं एकत्र असं स्पष्टीकरण कागदपत्रांत कमी आहे. क्लासलोडिंग एका पानावर, वेल्डची सबसिस्टम दुसऱ्या पानावर, आणि बीनचे नियम वेल्डच्या वेगळ्या पुस्तिकेत. मेटा-इन्फ इंपोर्ट हे दोन शब्द नवीन माणसाला चटकन सापडावेत इतके महत्त्वाचे आहेत.

आमचं जुनं रिपोर्टिंग ॲप अजून २६ वर आहे. कालच त्याच्या जारवर जावापी फिरवलं, सोर्स हरवलेल्या एका जारमध्ये जावाएक्सवाले क्लास निघालेत, ते आधी परत लिहायचे आणि मगच सर्व्हर बदलायचा असं ठरवलंय. कोणी असं सोर्स नसलेलं काही हलवलं असेल तर कसं केलंत ते नक्की सांगा, मला त्याची खरंच गरज आहे.